सोडतीची चिठ्ठी

मी तीस वर्षं ग्रामसेवक होतो. पहिल्यांदा महिला सरपंच आल्या तेव्हा सभेला यायचे त्यांचे यजमान. बाईंची सही घरून यायची आणि मी प्रोसिडिंगमध्ये ‘सरपंच हजर’ असं मुकाट लिहायचो. त्या खोटेपणात माझंही पेन होतं.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्यांना निम्म्या जागा दिल्या. तेव्हापासून ‘सरपंचपती’वर विनोद करणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: पाचव्या वर्षी येऊन बघा.

माझ्या शेवटच्या गावातल्या बाई पहिलं वर्षभर नवऱ्याकडे बघून मान हलवायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी नमुना आठचं, म्हणजे घरांच्या नोंदीचं रजिस्टर मागून घेतलं. घराच्या नोंदीसमोर फक्त पुरुषाचं नाव बघून म्हणाल्या, “भाऊसाहेब, घर दोघांच्या नावे लावायचा शासनाचा निर्णय आहे ना? मग आपल्या गावाला वेगळा कायदा का?” निर्णय माझ्या कपाटातच होता, धूळ खात. त्यानंतर वाडीवस्तीवरच्या बायका अर्ज घेऊन यायला लागल्या. बाईंच्या यजमानांना ऑफिसात फारसं काम उरलं नाही. ते बाहेर पारावर बसायचे.

आणि मग पुढच्या निवडणुकीसाठी आरक्षणाची सोडत झाली. तहसील कचेरीत शाळकरी पोराने बरणीतून चिठ्ठी काढली, सरपंचपद खुलं. “आता पुरुषांची पाळी,” गावातले कारभारी म्हणाले, जणू खुलं म्हणजे पुरुषांसाठी राखीव! ज्या बाईला अंदाजपत्रक तोंडपाठ झालं होतं, तिला कुणी उमेदवारीसाठी विचारलंसुद्धा नाही. शेजारच्या गावात नवी बाई आली, नवा नवरा आला, पुन्हा घरून सही.

आरक्षण दर निवडणुकीला फिरलंच पाहिजे असं नाही. लोकसभा-विधानसभेसाठीच्या २०२३ च्या महिला आरक्षण कायद्यात राखीव जागा बदलणार त्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, दर निवडणुकीला नाही. तमिळनाडूत पंचायतीचं आरक्षण दोन निवडणुका एकाच जागी राहतं. राखीव सरपंचपदं आळीपाळीने फिरवा असं घटना सांगते. दर पाच वर्षांनीच फिरवा, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

ग्रामविकास खात्याने पुढच्या सोडतीआधी एवढं करावं: महिला सरपंचाचं आरक्षण एका गावात सलग दहा वर्षं ठेवावं.