दोन पाण्यांची शाळा

‘संस्कृती घरी जपावी, शाळेत जगाची भाषा शिकावी’ हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासींना तो वारंवार दिला गेला आहे. आम्हांला तो मान्य नाही. मुलांच्या दिवसाचे उत्तम तास शाळेच्या हाती असतात. तिथे ज्याला जागा नाही ते शिकण्याच्या योग्यतेचेच नाही, असा अर्थ मूल आपसूक काढते.

आर्नहेम लँडच्या ईशान्य भागात यिर्कला हे योल्ङू लोकांचे गाव आहे. खाणीसाठी जमीन जाऊ लागली तेव्हा, १९६३ साली, या लोकांनी झाडाच्या सालीवर आपली चित्रे रंगवून संसदेकडे अर्ज पाठवले. मजकूर दोन भाषांत होता, त्यांच्या आणि इंग्रजीत. त्यांना इंग्रजी नको होती असे नाही. आपली भाषा सोडून ती नको होती.

नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ पासून द्वैभाषिक शिक्षण सुरू झाले. यिर्कलाच्या शाळेने त्याला ‘गन्मा’ या योल्ङू कल्पनेचा आधार दिला. भूमीवरून वाहत येणारे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जिथे भेटते, ते गन्मा. दोन्ही पाणी मिसळते, पण कोणी कोणाला गिळत नाही. ‘योथू यिंडी’ या वाद्यवृंदाचे गायक म्हणून जगाला ठाऊक असलेले युनुपिंगू १९९० मध्ये याच शाळेचे मुख्याध्यापक झाले.

२००८ च्या फेब्रुवारीत आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडल्याबद्दल देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. त्याच वर्षी ऑक्टोबरात टेरिटरीच्या सरकारने शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवण्याचा आदेश काढला. मातृभाषेच्या वाट्याला उरली ती दुपार, मुले थकल्यावरची. परीक्षांतील निकाल चिंताजनक होते, हे खरे. पण न कळणाऱ्या भाषेत अधिक वेळ बसवल्याने मूल अधिक शिकते, हे गृहीतक कशाच्या बळावर केले? यिर्कलाने आपला मार्ग सोडला नाही. तो आदेश पुढे मागे पडला आणि २०२० मध्ये त्या शाळेतील आठ विद्यार्थी विद्यापीठ-प्रवेशासाठी लागणारे गुणांकन मिळवून बाहेर पडले.

आम्हांला यातील आकडा महत्त्वाचा वाटत नाही. वर्गात आजीला शिक्षिकेचा मान असणे महत्त्वाचे वाटते. बदलाचा वेग कोणालाच चुकणार नाही. पण त्या पुरात उतरणाऱ्या मुलाच्या पायाखालची जमीन शाळेनेच काढून घ्यावी, याला शिक्षण कसे म्हणावे?