शुद्ध हरपली की सही कोणाची?

घरातील कर्ता माणूस पक्षाघाताच्या झटक्याने बेशुद्धावस्थेत जातो. रुग्णालयाचे बिल दिवसागणिक वाढत असते. बँकेत त्याच्या एकट्याच्या नावे ठेव असते, पण ती मोडायची तर सही करणार कोण? अशा वेळी कुटुंबीय पूर्वी केलेले कुलमुखत्यारपत्र पुढे करतात. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २०१ मात्र त्यांच्या आड येते. मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता लोपली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. ज्या क्षणी या दस्तऐवजाची खरी निकड भासते, नेमक्या त्याच क्षणी तो निरुपयोगी ठरतो.

अन्य कायद्यांचा आधारही तोकडा आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा अल्पवयीनांसाठी आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरता आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ती मोडीत काढली. नव्या कायद्याने रुग्णाच्या निर्णयक्षमतेचा सन्मान केला, नामनिर्देशित प्रतिनिधीही दिला. पण तो उपचारांपुरताच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्व परस्पर विचारविनिमयावर उभे आहे. बेशुद्ध माणसाशी विचारविनिमय कसा करणार?

परिणामी कुटुंबीयांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत पालक नेमले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने तर २०१९ मध्ये कायद्यातील पोकळी मान्य करून मार्गदर्शक सूचनाच घालून दिल्या. न्यायालयांची ही संवेदनशीलता स्तुत्य असली, तरी वकिलाचा खर्च पेलू न शकणाऱ्यांनी काय करावे, हा प्रश्न उरतोच.

इंग्लंड व वेल्ससाठी २००५ मध्ये झालेल्या मानसिक क्षमता कायद्याने यावर तोडगा काढला. शुद्धीत असतानाच विश्वासू व्यक्तीला अधिकार देऊन ठेवायचे, त्याची सरकारी नोंदणी करायची आणि क्षमता लोपल्यावरही ते अधिकार टिकायचे, अशी ही व्यवस्था आहे. शिवाय एखाद्याचा निर्णय इतरांना अविचारी वाटला, एवढ्यावरून त्याला अक्षम ठरवता येत नाही.

हे कलम आपल्याकडे विशेष मोलाचे ठरावे. स्मृतिभ्रंश एका दिवसात येत नाही. सदनिकेचा व्यवहार न उमगणाऱ्या वृद्धेला आपण कोठे व कोणाजवळ राहावे, हे पुरते कळत असते. सरसकट पालकत्व म्हणजे मालमत्तेवर डोळा असलेल्या आप्तांच्या हाती कोलीतच. त्यामुळे नवा कायदा करताना प्रत्येक निर्णयापुरती क्षमतेची स्वतंत्र तपासणी, जिल्हा पातळीवर दाद मागण्याची सोय आणि पालकाने नियमित हिशेब देण्याचे बंधन, या तिन्ही गोष्टी हव्यात. वृद्धांची संख्या वाढत असलेल्या देशाला याबाबत आणखी चालढकल परवडणारी नाही.