समुद्रापारची धूळ आणि जबाबदारीचा हिशेब

आशियातून पॅसिफिक महासागर ओलांडून उत्तर अमेरिकेत जाणाऱ्या प्रदूषणाचा उपग्रहांनी घेतलेला मागोवा ज्यांना मान्य नाही, त्यांचा मुख्य आक्षेप असा की, उपग्रहाला जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेतील कणांची केवळ गोळाबेरीज दिसते. त्यात धूळ किती, धूर किती आणि ते किती उंचीवर आहेत, हे त्याला सांगता येत नाही.

हा आक्षेप एकेका उपकरणाला लागू पडेल, सर्वांच्या एकत्रित पुराव्याला नाही. ‘टेरा’ उपग्रहावरील ‘मोडिस’ हे उपकरण परावर्तित प्रकाश अनेक तरंगलांबींत मोजते. ज्वलनातून निघणारे बारीक कण आणि वाळवंटातील भरड धूळ या तरंगलांबींत प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात विखुरतात, त्यामुळे समुद्राच्या गडद पृष्ठभागावर दोहोंची फोड करता येते. उंचीचा प्रश्न २००६ साली सोडलेल्या ‘कॅलिप्सो’ उपग्रहाने सोडवला. त्यावरील लिडार, म्हणजे लेसरचा झोत सोडून तो परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढणारे उपकरण, कणांच्या थराची उंची दाखवत असे. शिवाय धुळीचे ओबडधोबड कण प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या कंपनांची दिशा, बदलतात, तर गोलसर कण ते फारसे बदलत नाहीत.

दुसरा पक्ष याच पुराव्याचा आधार घेऊन नेमके उलटे टोक गाठतो. उत्तर अमेरिकेवर दरवर्षी बाहेरून सुमारे ६ कोटी ४० लाख टन कण येतात आणि हे प्रमाण तेथील स्वतःच्या उत्सर्जनाच्या तोडीचे आहे, असा अंदाज २०१२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा घरच्या कारखान्यांवर निर्बंध घालून काय साधणार, असे हा पक्ष विचारतो. परंतु त्याच अभ्यासानुसार या कणांपैकी बहुतांश धूळ आहे, ज्वलनजन्य कणांचा वाटा थोडा आहे, आणि हा प्रवाह मुख्यतः उंचावरून येत असल्याने त्याचा परिणाम श्वासातील हवेपेक्षा सूर्यप्रकाशावर व हवामानावर अधिक होतो. शहराच्या रस्त्यावरील धुराचे खापर आशियातील गोबीच्या वाळवंटावर फोडता येत नाही.

म्हणून बाहेरचा वाटा शून्य ठरतो, असेही नाही. २००८ च्या एका अभ्यासानुसार पूर्व आशियातून निघालेल्या ज्वलनजन्य कणांपैकी सुमारे पाव भाग, म्हणजे वर्षाला ४५ लाख टन, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचला. अमेरिका आणि कॅनडा यांच्या स्वतःच्या उत्सर्जनाशी तुलना करता हे प्रमाण सुमारे १५ टक्के भरते. या मोजमापाचे खरे मोल हेच की, प्रदूषण पाठवणारा आणि ते सोसणारा, दोघांचेही हिशेब ते एकाच वहीत मांडते. सीमापार वायुप्रदूषणावरील १९७९ च्या जिनिव्हा करारात युरोप आणि उत्तर अमेरिका आहेत, चीन मात्र नाही. वारे ज्या महासागरावरून वाहतात, त्याच्या दोन्ही काठांना बांधणारा करार झाल्याशिवाय हा हिशेब चुकता होणार नाही.