इंडियन मेसचं कौतुक पुरे!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. नातेवाईकांपैकी कुणाला राग आला तर खुशाल फोन करा, मी घरीच असते.

झालं असं, की रविवारी आमच्याकडे आनंदनगरला एक जोडपं आलं होतं. नात्यातलंच. मुलाला एमबीबीएससाठी किरगिझस्तानात पाठवायचंय, आणि आमचा नातू तिथे बिश्केकला चौथ्या वर्षाला आहे, म्हणून चौकशीला. दीड तास बसले. कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल केवढं आहे, पेशंट कुठल्या भाषेत बोलतात, परत आल्यावर इथली परीक्षा कितीजण पास होतात, यातलं एक अक्षर विचारलं नाही. फिरून फिरून प्रश्न एकच. "इंडियन मेस आहे ना? पोळी मऊ असते ना?" एजंटने दिलेल्या रंगीत कागदावर मेसचा फोटो पहिल्या पानावर आणि प्रयोगशाळेचा शेवटच्या! धंदा त्याला बरोबर कळतो.

मुलाच्या पोटाची काळजी कुणाला नसते? नातू निघाला तेव्हा मीही मेतकूट आणि भाजणी बांधून दिली होती. माझं भांडण भाजणीशी नाही. पोरगं पाच-सहा वर्षं परमुलखात राहतं आणि खोली, वर्ग, मेस सोडून कुठे पाय टाकत नाही, आणि घरचे वर कौतुकाने सांगतात, "बाहेरचं काही खात नाही हो आमचा!" याचा मला संताप येतो.

मी शाळेत भूगोल शिकवला. जुन्या पुस्तकात एस्किमो, पिग्मी, किरगीझ अशी रांग असायची. किरगीझ लोक तंबूत राहतात, घोडीचं दूध आंबवून पितात, त्याला कुमीस म्हणतात. वर्षानुवर्षं मी हे फळ्यावर लिहिलं, मुलांनी पाठ केलं, मी मार्क दिले. त्या देशात बाजार कसा भरतो ते मला कळलं निवृत्तीनंतर, नातवाच्या फोनवरून.

तोही पहिले चार महिने मेसबाहेर गेला नव्हता. हिवाळ्यात मेसचा आचारी गावी गेला, आठ दिवस खिचडी मिळाली, तेव्हा कंटाळून हा ओश बाजारात गेला. शहरातला मोठा बाजार आहे तो. तंदुरात भाजलेल्या गोल रोट्या, मधोमध नक्षीचा ठसा मारलेला. रोटी पालथी ठेवायची नाही, अन्नाचा अपमान होतो, असं तिथल्या बाईने खुणेने सांगितलं. (आमच्या आईची आठवण झाली मला.) दही घट्ट करून, मीठ घालून वाळवलेल्या गोळ्या, त्यांना कुरुत म्हणतात. उन्हाळ्यात रस्त्यावर पिंपातून विकतात ते मक्सिम, म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ शिजवून आंबवलेलं पेय. नातू म्हणाला, "आजी, ही तर आपली आंबील!" शिवाय अक्रोड, जर्दाळू, मध. आणि राजमा! तिथल्या तलास खोऱ्यात तो पिकतो, बराचसा परदेशी जातो. शाकाहारी पोराची उपासमार होईल असा हा मुलूख नाही. घोड्याचं मांस खा असं मी कुणाला सांगत नाहीये.

पण खरा मुद्दा जिभेच्या चवीचा नाहीच. कॉलेजात शिकवतात इंग्रजीत. वॉर्डातली म्हातारी बोलते किरगीझ, नाहीतर रशियन. तिला कुठे दुखतंय हे विचारता येत नसेल तर हा कसला डॉक्टर होणार? नातू बाजारात पहिला शब्द शिकला तो "कन्चा", म्हणजे किती. टोमॅटो कन्चा, चेरी कन्चा. दिवसाला म्हणतात "कुन". दोन वर्षांनी वॉर्डात उभा राहिला तेव्हा ताप किती दिवस आहे हे विचारायला त्याला दुभाष्या लागला नाही. त्याच्या खोलीतली मेसभक्त मुलं अजून मोबाइल पुढे करतात.

आता तुम्ही मे २०२४ काढणार, ठाऊक आहे मला. बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला होता. आपल्या वकिलातीने बाहेर पडू नका असं सांगितलं. ते दोन दिवस मीही झोपले नाही. सूनबाई तर फोन हातातून सोडत नव्हती. "बघा, पाठवा अजून बाजारात!" हे मी सगळ्यांकडून ऐकून घेतलं. बाहेर जाऊ नये अशा दिवशी जाऊ नये, यात वाद नाही. पण त्याच दिवसांत वसतिगृहात झाडलोट करणारी आजी पदराआड, म्हणजे कोटाआड, रोट्या घेऊन आली. तिच्याशी याचं बोलणं होतं, बाजारात ओळख झालेली. जमाव आणि ती आजी, दोन्ही त्याच गावातले. मेसमध्ये बसून फक्त जमाव दिसतो.

आणि परदेश कशाला? त्या बाजारात गाजराची एक तिखट-आंबट कोशिंबीर मिळते, धनेपूड आणि लसूण घातलेली. तिला कोरियन म्हणतात. १९३७ साली स्टालिनने पावणेदोन लाख कोरियन माणसं उचलून मध्य आशियात नेऊन टाकली. त्यांच्या नेहमीच्या लोणच्याचा कोबी तिथे मिळेना, मग गाजरावर भागवलं. हे ऐकलं आणि मला आपलं उल्हासनगर आठवलं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवलेले सिंधी लोक. १९४९ साली गावाला नाव मिळालं. त्यांची कोकी, दालपकवान, कमळकाकडी तिथल्या गल्ल्यांत आजही मिळते. रविवारच्या पाहुण्यांना विचारलं, कधी खाल्लंय? वीस वर्षं बदलापुरात राहतात. उल्हासनगरला जातात ते पँटी आणि फर्निचर घ्यायला. "तिथलं काही खाल्लं नाही बाई," म्हणाल्या.

मुलगा मात्र गप्प बसून ऐकत होता. निघताना त्याने हळूच विचारलं, "आजी, तो 'किती' कसा म्हणायचा?" मी सांगितलं. चप्पल घालता घालता त्याने दोनदा म्हणून पाहिला.

आईने जिन्यातून हाक मारली, भाजणी किती दिवस टिकते म्हणून.