टेमघरच्या गल्ल्यांत वेगमर्यादा कोण ठरवणार?

भिवंडी, खास प्रतिनिधी

भिवंडीच्या कल्याण रस्त्यावरील टेमघर परिसरात रहिवासी इमारती आणि यंत्रमागाचे कारखाने एकमेकांना खेटून उभे आहेत. सुताची बाचकी आणि कापडाचे तागे वाहणारे टेम्पो ज्या रस्त्याने धावतात, त्याच रस्त्याने पाळी संपलेला कामगार पायी वा सायकलने घरी जातो आणि मुले शाळेत जातात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चे एक स्थानकही टेमघरला नियोजित आहे. या मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. पहिला टप्पा धामणकर नाक्यापर्यंतचा असून टेमघर त्यापुढे येते. मेट्रोचा प्रवासी स्थानकापर्यंत पोहोचणार तो बहुधा पायीच.

पादचाऱ्यांसाठी धोरण नाही, अशी स्थिती नाही. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला महत्त्व दिले. पदपथ किमान १.८ मीटर रुंद असावा, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. ही रुंदी मोकळी हवी. विजेची पेटी, टपरी आणि उभ्या दुचाकी वजा जाता किती उरते, हे कोणत्याही नाक्यावर मोजून पाहता येईल. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतंत्र पादचारी धोरण स्वीकारले व त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस पदपथ झाले. परंतु असे काम प्रामुख्याने मोठ्या रस्त्यांवर होते. जेथे माणसे राहतात त्या गल्ल्या मागेच राहतात.

याची किंमत आकडेवारीत दिसते. २०२३ मध्ये देशभरात रस्ते अपघातांत १,७२,८९० जणांचा बळी गेला. त्यांपैकी ३५,२२१ पादचारी होते. म्हणजे पाचातला एक. २०१६ मध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते.

न्यायालयांना त्यामुळेच हस्तक्षेप करावा लागला. चालण्यायोग्य पदपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. पादचारी आणि विनाइंजिन वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनेच मिळाला होता. ते नियम सहा महिन्यांत करा, असा आदेश न्यायालयाला ऑक्टोबर २०२५ मध्ये द्यावा लागला. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई ठरवली. पदपथच नसल्याने रस्त्यावर उतरावे लागलेल्या माणसाचा समावेश त्या हिशेबात नाही.

खरा प्रश्न वेगाचा आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने महापालिका हद्दीत मोटारींसाठी ताशी ७० आणि दुचाकींसाठी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठेवली. निवासी गल्लीला ती लावणे हास्यास्पदच! मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य सरकार किंवा त्याने प्राधिकृत केलेले अधिकारी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ही मर्यादा कमी करू शकतात. ब्रिटनमधील वेल्सने सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील रस्त्यांवर ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची सर्वसाधारण मर्यादा लागू केली. लोकांनी जोरदार विरोध केला. पुढे काही रस्त्यांबाबत फेरविचार करावा लागला, पण मर्यादा रद्द झाली नाही.

भिवंडीत अडचण जबाबदारीच्या वाटणीची आहे. गल्ल्या आणि त्यांवरील अडथळे हटवण्याचे काम महापालिकेचे, वाहतूक नियंत्रण ठाणे शहर पोलिसांचे, मेट्रो एमएमआरडीएची. रस्ता रुंद करायचा तर दुकाने आणि घरे तुटतात, म्हणून विरोध होतो. तो समजण्यासारखा आहे. वेगमर्यादेसाठी मात्र कुणाचा ओटाही पाडावा लागत नाही. अवजड वाहनांना ठराविक वेळी शहरबंदी करणाऱ्या अधिसूचना वाहतूक पोलीस वेळोवेळी काढतातच. त्या कोंडी फोडण्यासाठी असतात. शाळांसमोरील आणि कारखान्यांलगतच्या गल्ल्यांसाठी ताशी ३० किलोमीटरची अधिसूचना काढण्याचा प्रस्ताव महापालिकेने पोलिसांकडे पाठवला, तर त्यासोबत गतिरोधक आणि फलकांचा खर्च तिलाच उचलावा लागेल. मेट्रो स्थानकाकडे जाणाऱ्या गल्ल्यांचा समावेश त्या प्रस्तावात आताच करता येईल.