बिल की बिलाचे सोंग?

पेढीवर टपालाने एक कागद येतो. माथ्यावर सरकारी थाटाचे बोधचिन्ह, खाली नोंदणी-क्रमांक, ‘नूतनीकरण शुल्क’ आणि भरण्याची अंतिम तारीख. मुनीम तो इतर बिलांत ठेवतो व रक्कम चुकती होते. वास्तविक ते बिल नसून, कोणा व्यापारी सूचीत नाव छापून घेण्याची विनंती असते! तसा खुलासा तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत असतो. आमच्या रामाकोन्यात घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि कागदावर इंग्रजी. तेथे असे सोंग सहज खपते. सरकारची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून विनामूल्य आहे. तरी तिच्याही नावाने शुल्क मागणारे आहेतच.

मग कायदा काय करतो? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिराती व अनुचित व्यापार-प्रथा यांना पायबंद घातला आहे. परंतु व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणारा त्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. अपवाद आहे तो केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी वस्तू विकत घेणाऱ्यास. म्हणजे ज्याच्या पेढीवर हे कागद येतात, तोच बहुधा छत्राबाहेर राहतो. अमेरिकेच्या टपालविषयक कायद्यानुसार अशा पत्रावर ‘हे बिल नव्हे’ या आशयाची सूचना ठळकपणे छापावी लागते. ब्रिटनने १९७१ साली, न मागितलेल्या सूची-नोंदीच्या वसुलीस कायद्यानेच लगाम घातला. असा स्पष्ट नियम आपल्याकडेही व्हावा, अशी मागणी व्यापारी संघांनी एकमुखाने केली पाहिजे.

तोवर आपण अगदीच निराधार नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव स्वीकारल्याविना करार होत नाही, आणि चुकीने दिलेली रक्कम घेणाऱ्याने परत करावी, असे त्याचे ७२ वे कलम सांगते. म्हणून प्रत्येक बिलास मागणीपत्र वा करार जोडल्याखेरीज मुनिमाने पैसे देऊ नयेत, हा पेढीचा दंडक असावा.

शेवटी एक गोष्ट आपल्याच घरची. स्मरणिकेच्या जाहिरातीचे बिल, जाहिरातदाराची लेखी संमती हाती येण्यापूर्वी आपणही धाडता कामा नये. संकोचाने मिळालेला रुपया वहीत जमा दिसतो. पतीच्या खात्यात मात्र तो नावेच पडतो.