वेताळाचे जंगल आणि गिऱ्हाइकाचा राग

#थ्रेड

१/ व्हिडिओ गेमच्या कंपन्या आणि सुपरहिरोंची कॉमिक्स यांविषयी चाहत्यांची दोन मते सतत ऐकू येतात. पहिले : पूर्वी सारे निर्मळ होते, धंदा अलीकडे शिरला. दुसरे : मनोरंजनात इतिहास आणि राजकारण आणू नका. ही दोन्ही मते पुराव्यापुढे टिकत नाहीत. नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावातून पाहिले, तर ती का टिकत नाहीत हे अधिक स्वच्छ दिसते.

२/ आधी त्या निर्मळ काळाविषयी. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरला विकले. कोट्यवधींची उलाढाल पुढे इतरांनी केली. १९७५ साली वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, तेव्हा कुठे दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर आणि निर्माते म्हणून श्रेय मिळाले. सुपरहिरोचा जन्मच करारपत्रावर झाला आहे. धंदा त्याच्या घरात मागाहून शिरलेला नाही.

३/ मराठी वाचकाचा लाडका वेताळही त्याच बाजारातला. ली फॉक यांची 'फँटम' ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाली. किंग फीचर्स ही संस्था ती देशोदेशी विकत असे. मार्च १९६४ मध्ये बेनेट कोलमन कंपनीने 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले आणि फँटम भारतात घरोघर पोहोचला. मराठीत त्याला गावकुसाबाहेरच्या दैवताचे नाव मिळाले : वेताळ.

४/ आता दुसरे मत तपासू. मूळ कथेतल्या चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग'. इंद्रजालमध्ये त्याचे 'सिंगा' झाले. मूळ देश 'बंगाला'. इंद्रजालमध्ये तो 'डेंकाली' झाला. कारण उघड आहे : चाच्यांना आपली आडनावे आणि त्यांच्या मुलखाला आपल्या प्रांताचे नाव भारतीय गिऱ्हाइकाला खटकले असते. नावांत राजकारण असते, हे प्रकाशकाला १९६४ सालीच ठाऊक होते. चाहत्यांना ते अजून मान्य नाही.

५/ आणि काय बदलले नाही? कथेचा सांगाडा. १५३६ साली किनाऱ्याला लागलेल्या एका गोऱ्या माणसाचा वंश चार शतके जंगलावर न्याय चालवतो. तो कवटीच्या सिंहासनावर बसतो आणि जंगलातले लोक भोवती उभे राहतात. पहारा त्यांचा, ढोल त्यांचे, श्रद्धा त्यांची. निर्णय मात्र त्याचा. हे कोणाला खटकले नाही, कारण ज्यांना खटकले असते ते गिऱ्हाईक नव्हते.

६/ हा सांगाडा खानदेशाला परका नाही. १८२५ साली जेम्स आउट्रम हा अवघ्या बावीस वर्षांचा इंग्रज अधिकारी येथे आला. धरणगावी मुख्य ठाणे ठेवून त्याने भिल्लांचीच पलटण उभारली. त्याच्या वाघांच्या शिकारी आणि 'रानटी' भिल्लांना त्याने कसे माणसाळवले याच्या कथा इंग्रजी चरित्रांतून मोठ्या चवीने रंगवल्या गेल्या. एकटा गोरा वीर आणि त्याच्यामुळे शांत झालेले जंगल : चित्र तेच.

७/ फॉक यांनी आउट्रमवरून वेताळ बेतला, असा येथे दावा नाही. दोघेही साम्राज्याच्या काळात रुळलेल्या एकाच कथाप्रकारातले आहेत, एवढेच. त्या कथाप्रकारात खाज्या नाईकाला जागा नाही. सेंधव्याच्या घाटवाटेवर इंग्रजांसाठी पहारा करणारा हा नाईक १८५७ साली त्यांच्याविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे त्याच्या साथीदारांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. जंगल स्वतःचा निर्णय स्वतः घेत होते, त्याचा हा दाखला.

८/ "लहान मुलांच्या पुस्तकाचा एवढा कीस कशाला?" असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर त्याच पुस्तकांत आहे. पुढे फॉक यांनीच बंगालाच्या राष्ट्राध्यक्षपदी लुआगा हा कृष्णवर्णीय नेता बसवला. १९७६ साली इंद्रजालमध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला : डाकूचा मुलगा, जो गावकऱ्यांना जमवून नागरिक सुरक्षा दल उभारतो. कथा बदलता येते आणि बदललेली कथा वाचकांना आवडतेही. 'तेव्हा तसेच होते' ही सबब येथेच संपते.

९/ आता गेमकडे. २०१७ साली 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या गेममध्ये पैसे मोजून नशीब अजमावण्याच्या पेट्या निघाल्या. चाहते इतके खवळले की कंपनीने बाजारात येण्याच्या तोंडावर ती विक्री थांबवली. २०१८ साली बेल्जियमने अशा पेट्या जुगारात काढल्या. ३१ मार्च २०२४ रोजी 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला खेळ निरुपयोगी ठरला. त्यातून उभ्या राहिलेल्या मोहिमेने युरोपात दहा लाखांहून अधिक सह्या जमवल्या.

१०/ हा राग रास्त आहे. पैसे घेऊन वस्तू काढून घेणे ही लबाडीच आहे. पण या घटना चाहत्यांच्याच दुसऱ्या मताविरुद्ध साक्ष देतात. गिऱ्हाईक ओरडले की कंपनी वाकते. म्हणजे कथेत काय असावे आणि काय नसावे, हेही गिऱ्हाईक ठरवू शकते. 'सिंग'चे 'सिंगा' याच धाकाने झाले. मग खिशाला चटका बसला तरच आवाज चढवायचा आणि कोणाच्या इतिहासाचा पडदा केला गेला तर "राजकारण नको" म्हणायचे, याला तत्त्व म्हणत नाहीत. याला सोय म्हणतात.

११/ १९६४ साली प्रकाशकाच्या हिशेबात सातपुड्यातला वाचक नव्हता. आज आदिवासीबहुल नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यातही मोबाइल आहे, त्यावर गेम आहे आणि गेममध्ये पैसे भरायची खिडकी आहे. पैसे घेताना कंपनी त्याला गिऱ्हाईक मानते. कथा रचतानाही तिने त्याला गिऱ्हाईक मानले पाहिजे.

१२/ म्हणून जुन्या सुवर्णकाळाकडे परत जाण्याची मागणी सोडून द्यावी. तसा काळ नव्हता. मागण्या तीन असाव्यात. विकलेली वस्तू परत काढून घेऊ नये. निर्मात्याला श्रेय आणि मोबदला मिळावा. आणि ज्यांचे जंगल कथेत घेतले, त्यांना त्या कथेत निर्णय घेणारी माणसे म्हणून उभे करावे. पहिल्या मागणीसाठी लाखो सह्या होतात. तिसरीसाठी किती होतील, यावर चाहत्यांच्या न्यायबुद्धीची परीक्षा आहे.